नीरेचे वळण, पृथ्वीचे परिवलन आणि संक्षोभाची कल्पना

मराठीतील ‘भोवरा’ हा शब्द पाण्यातील आवर्तास आणि लाकडी खेळण्यास सारखाच लागू पडतो. फिरणे दोहोंत समान आहे. परंतु खेळण्याचे फिरणे त्यास स्थैर्य देते, तर पाण्याचे फिरणे क्षोभाचे लक्षण मानले जाते. प्रवाहशास्त्रातील परिवलनाच्या विचाराचा इतिहास या दोन अर्थांभोवतीच घडला आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या भूमीवर तो तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि घाटमाथ्यानजीकचे पाणी भाटघरच्या धरणात साठवून या कोरड्या प्रदेशास देण्याची व्यवस्था झाली. दक्षिणेकडून वाहणारी नीरा पुढे नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते.

याच दशकात, १८८३ मध्ये, मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची धार सोडून संथ प्रवाह संक्षुब्ध केव्हा होतो, हे दाखविले. मोठ्या आवर्ताची ऊर्जा लहान आवर्तांकडे व अखेर उष्णतेकडे जाते, ही कल्पना १९२२ मध्ये रिचर्डसन यांनी मांडली; १९४१ मध्ये कोलमोगोरोव्ह यांनी तीस गणिती रूप दिले. या मांडणीत सर्व दिशा समान मानलेल्या होत्या. संपूर्ण द्रवच फिरत असेल तर काय, हा प्रश्न वेगळा होता.

नद्यांच्या संदर्भात तो आधीच उपस्थित झाला होता. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धातील नद्या उजवा काठ अधिक झिजवितात, असे फॉन बेअर यांनी १८६० च्या सुमारास प्रतिपादिले. उलट जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये वळणावरील प्रवाहाकडे लक्ष वेधले: पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे जाते, तर तळाचे मंद पाणी गाळासह आतील काठाकडे सरकते. १९२६ मध्ये आइनस्टाइन यांनी दोन्ही परिणामांचा उलगडा याच आडव्या अभिसरणाने केला.

नीरा पूर्वेकडे वाहते. बेअर यांचा नियम जसाच्या तसा लावल्यास झीज फलटण-माळशिरसच्या बाजूस व्हावी आणि बारामती-इंदापूरचा काठ निर्धास्त राहावा. परंतु ३०० मीटर त्रिज्येचे वळण व सेकंदास १ मीटर वेग धरला, तर वळणाचा परिणाम पृथ्वीच्या परिवलनाच्या परिणामापेक्षा सत्तरपटीहून अधिक भरतो. सबब काठाचे संरक्षण प्रत्येक वळणाच्या बाहेरील बाजूस हवे. मग तो काठ कोणत्याही तालुक्याचा असो. खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांनी सक्कर बंधाऱ्याच्या कालव्यांत येणारा गाळ रोखण्यासाठी वक्र प्रवाहाचाच उपयोग केला.

मग परिवलन निष्प्रभ म्हणावयाचे काय? तसे नाही. १९२३ मध्ये जी. आय. टेलर यांनी फिरत्या पात्रातील द्रव अक्षाला समांतर स्तंभांसारखा वागतो, हे प्रयोगाने दाखविले. प्राउडमन यांनी १९१६ मध्येच त्याचे गणित मांडले होते. १९८२ मध्ये हॉपफिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या टाकीत संक्षोभ निर्माण केला, तेव्हा त्यातून असेच अक्षानुवर्ती आवर्त उभे राहिले. कारण असे की, परिवलनाने द्रवात लहरी उत्पन्न होतात. त्यांच्या जलद बदलणाऱ्या कलांमुळे आवर्तांची परस्परक्रिया पुरेशी टिकत नाही, आणि लहान आवर्तांकडे जाणारा ऊर्जेचा ओघ मंदावतो. प्रवाह द्विमितीय होऊ लागतो. आणि अशा प्रवाहात ऊर्जा उलट मोठ्या आवर्तांकडे जाते, हे क्रेकनन यांनी १९६७ मध्ये दाखविले होते. येथे क्षोभाचा भोवरा खेळण्यातील भोवऱ्यासारखा स्थिर होतो.

निर्णायक आहे ते प्रमाण. प्रवाहाचा वेग, त्याची व्याप्ती व परिवलनाचा स्थानिक घटक यांवरून रॉस्बी-अंक ठरतो; तो एकाहून लहान असता परिवलन प्रबळ होते. १८ अंश अक्षांशावर १० मीटर रुंद कालव्यासाठी, वरीलच वेग धरून, तो दोन हजारांवर जातो. हजार किलोमीटर व्याप्तीच्या, सेकंदास १० मीटर वेगाच्या मोसमी वाऱ्यांसाठी तो सुमारे ०.२ येतो. जे परिवलन नीरेच्या काठास ढळवू शकत नाही, तेच भाटघर भरणाऱ्या पावसाच्या वाऱ्यांस वळण देते. कारणाचे नाव एकच असले तरी त्याचे बळ प्रमाणावर अवलंबून असते, हे ध्यानी न घेतल्यास चुकीच्या काठास बांध पडण्याचा संभव आहे.