कंबरदुखीवरचा उपचार लागू पडला की नाही, हे मोजतात कसं?

कांदा लागवडीचे दिवस आले की निफाड, चांदवड, येवल्याच्या शिवारात माणसं दिवसभर वाकून रोपं लावतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कुणी पूर्ण शिफ्ट मशीनसमोर उभं असतं, तर शहरातल्या ऑफिसांत कुणी खुर्चीला खिळलेलं. कामं वेगळी, पण तक्रार एकच: कंबर.

मग सुरू होतो उपचारांचा फेरा. गोळ्या, पट्टा, शेक, मालिश, एमआरआय. महिनाभरानं डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" उत्तर येतं, "थोडा फरक आहे."

हा 'थोडा फरक' म्हणजे नेमका किती? आणि तो उपचारामुळेच पडला, हे कशावरून? पुढचे पैसे आणि बुडणारी रोजंदारी या उत्तरावर ठरते, म्हणून ते समजून घेऊया.

एमआरआय पाहून कळत नाही का?

बहुतेक वेळा नाही. १२ आठवड्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये दुखण्याचं एकच ठोस कारण सापडत नाही.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गादीची झीज दिसते, तर ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जातं. म्हणजे रिपोर्टमध्ये 'गादी झिजली' असं लिहिलेलं असूनही माणूस ठणठणीत असू शकतो. उलट, दुखणं कमी झालं तरी रिपोर्ट तसाच राहू शकतो.

मग मोजतात काय?

मुख्यतः दोन गोष्टी: वेदना आणि रोजची कामं.

वेदनेसाठी ० ते १० ची पट्टी असते. ० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढं दुखतंय.

कामांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे 'ऑस्वेस्ट्री डिसॅबिलिटी इंडेक्स'. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावावरून तिला हे नाव मिळालं आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा विभाग आहेत: वेदना, स्वतःची आवराआवर, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक संबंध, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येकाला ० ते ५ गुण. एकूण ५० पैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढतात. टक्के जितके जास्त, तितका त्रास जास्त.

तिची मराठी आवृत्तीही आहे. ती भरवशाची आहे का, हे तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात आला होता. लैंगिक संबंधांबद्दलचा प्रश्न अनेकांना अवघड वाटतो. तो सोडला तर ५० ऐवजी ४५ पैकी गुण धरतात.

पण या प्रश्नावलीत मांडी घालून बसणं किंवा उकिडवं बसणं विचारलेलं नाही. इथं उपयोगी पडते १९९५ मध्ये कॅनडात तयार झालेली दुसरी पद्धत. तिच्यात रुग्ण स्वतःच अडलेली कामं सांगतो आणि प्रत्येकाला ० ते १० गुण देतो. ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. 'वाकून रोपं लावणं' हेही त्यात बसतं.

किती फरक पडला तर खरा मानायचा?

तज्ज्ञांनी २००८ मध्ये ठरवलेला ढोबळ निकष असा: दहाच्या पट्टीवर किमान २ गुण, ऑस्वेस्ट्रीवर किमान १० गुण किंवा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ३० टक्के घट.

समजा, एखाद्याचे सुरुवातीला ५० पैकी २२ गुण, म्हणजे ४४ टक्के होते. दोन महिन्यांनी १५ गुण, म्हणजे ३० टक्के झाले. १४ गुणांची घट झाली, म्हणजे हा फरक जाणवण्याइतका आहे. ४४ वरून ४० झाले असते, तर तसं म्हणता आलं नसतं.

फरक उपचारामुळेच पडला कशावरून?

कंबरदुखी कमी-जास्त होत राहते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं टिपेला पोहोचल्यावर. तिथून ते काहीही न करताही थोडं उतरतं आणि श्रेय मात्र त्या आठवड्यात घेतलेल्या उपचाराला मिळतं.

म्हणून चाचण्यांमध्ये तुलनेसाठी दुसरा गट लागतो. जर्मनीत १,१६२ रुग्णांवर झालेल्या ॲक्युपंक्चरच्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. खऱ्या ॲक्युपंक्चरनं ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्या गटातही हे प्रमाण ४४.२ टक्के होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये ते २७.४ टक्के होतं. दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय सुया टोचण्याच्या नेमक्या जागांना गेलं असतं.

नाशिकला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी अशा अनेक शाखा येतात. कंबरदुखीकडे पाहण्याची त्यांची रीत वेगळी आहे. पण मोजपट्टी एकच असेल, तरच त्यांच्या उपचारांची तुलना करता येते.

आतापर्यंत काय टिकलं?

व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०२१ मध्ये आला. उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभराच्या पट्टीवर सरासरी १५ गुणांनी कमी होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, आजाराची नीट माहिती आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र जुनाट कंबरदुखीत नियमित वापरू नये, असं म्हटलंय.

घरी काय करता येईल?

उपचार सुरू होण्याआधी वहीत तारीख, वेदनेचा आकडा आणि अडलेली तीन कामं लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि वही डॉक्टरांना दाखवा.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर मोजत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.