दाबविद्युत् आणि उपयुक्त शक्ती : एक ऐतिहासिक टिपण

दाबविद्युत्‌चा इतिहास बहुधा पदार्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : प्रथम क्वॉर्ट्झ, मग बेरियम टिटॅनेट, मग लेड झिर्कोनेट टिटॅनेट. मात्र या परिणामापासून उपयोगी पडेल इतकी विद्युत् शक्ती मिळविण्याच्या प्रयत्नांना हा क्रम लावून पाहिला, तर तो अपुरा पडतो. तेथे खरा पेच विद्युत् मंडलाचा होता, असे आमचे मत आहे.

१८८० साली झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार प्रकट होतो, हे दाखविले. हा भार अत्यल्प असतो. क्वॉर्ट्झच्या बाबतीत एका न्यूटन बलामागे सुमारे २.३ पिकोकुलंब. शक्तीचा उगम या दृष्टीने हा दोषच होय. परंतु मापनात तोच गुण ठरला. १८९८ मध्ये मारी क्यूरी यांनी क्वॉर्ट्झच्या पट्टीवर वजनांचा ताण देऊन मिळणाऱ्या ज्ञात भाराने युरेनियमच्या किरणांमुळे वाहणारा प्रवाह जणू तराजूत तोलला. युरेनियम धातूसाठी तो २४, तर पिचब्लेंडच्या एका नमुन्यासाठी ८३ पिकोअँपिअर भरला. खनिज हे धातूहून अधिक क्रियाशील कसे, या प्रश्नातूनच पोलोनियम व रेडियम यांचा शोध लागला. ज्या साधनावर हे सारे उभे राहिले, त्याने एक लहानसा दिवाही लागला नसता!

पुढे पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वॉर्ट्झ वापरला, तेव्हाही ध्वनिक्षेपणास लागणारी शक्ती बाहेरून पुरवावी लागे.

१९९८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील किमिसिस, केंडॉल, पॅराडिसो व गर्शनफेल्ड यांनी बुटाच्या तळव्यात दाबविद्युत् घटक बसविले. चालणाऱ्याच्या पावलांतून सरासरी १ ते २ मिलिवॅट शक्ती मिळाली. काही पावलांची ऊर्जा साठवून एक लहानसा रेडिओ-संकेत प्रक्षेपित करण्यास ती पुरली. येथे विद्युत् दाबाची वाण नव्हती, प्रवाहाची होती. घटकाची विद्युत् धारणा ०.१ मायक्रोफॅरड आणि कंप्रता सेकंदास एक मानली, तर त्याचा संरोध सुमारे १६ लक्ष ओहम येतो. तो प्रवर्तकाने निरस्त करावयाचा, तर सुमारे अडीच लक्ष हेन्रीचे वेटोळे लागेल. असे वेटोळे बुटात राहो, प्रयोगशाळेतही मावणार नाही.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. ऑटमन, हॉफमन व लेझ्यूत्र यांनी २००२ मध्ये स्वतःस जुळवून घेणारा एकदिश-परिवर्तक योजिला. परिवर्तकाविना मिळणाऱ्या शक्तीच्या तुलनेत त्याने शक्तिसंक्रमणात ४०० टक्क्यांहून अधिक वाढ दाखविली. दुसरी वाट ल्याँ येथील ग्वियोमार, रिशार प्रभृतींची. कंपनाच्या प्रत्येक टोकाशी क्षणभरच एक लहान प्रवर्तक घटकास जोडावयाचा, म्हणजे अर्ध्या आंदोलनात विद्युत् दाबाचे चिन्ह उलटते आणि प्रचंड वेटोळ्याची गरजच उरत नाही. २००५ मध्ये त्यांनी ही युक्ती ऊर्जासंकलनासाठी मांडली. परंतु १९९९ च्या सुमारास त्याच संशोधकांनी ती वेगळ्याच हेतूने, यंत्ररचनांची कंपने शमविण्यासाठी, वापरली होती. म्हणूनच जेथे घटक व कंप पावणारी रचना यांचे युग्मन प्रबळ असते, तेथे अनुस्पंदनाच्या स्थितीत या युक्तीचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. शक्ती काढून घेता घेता ती मूळ कंपनच मंदावते.