गेमची गोष्ट शिकवायची, तर आधी संहिता कुठे आहे ते सांगा

पेट पास होऊन सिनॉप्सिस घेऊन गाइडकडे गेलात की एक वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच : "विषय चांगला आहे, पण आपल्या विभागात बसत नाही." म्हणून आज अशा एका विषयाचा इतिहास सांगते, जो बरीच वर्षं कुठल्याच विभागात बसत नव्हता आणि आता परदेशातल्या अनेक विद्यापीठांत रीतसर शिकवला जातो. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेमसाठी लेखन.

सुरुवात एका गुहेपासून होते. विल क्राउदर अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीत प्रोग्रामर होते. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर त्यांचं काम चाले आणि फावल्या वेळात ते केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांचे नकाशे बनवत. १९७५-७६च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलींसाठी फोरट्रानमध्ये 'ॲडव्हेंचर' हा गेम लिहिला. चित्रं नाहीत, आवाज नाही. पडद्यावर गुहेचं वर्णन येतं, आपण एक-दोन शब्दांत हुकूम टाईप करायचा, की पुढचं वर्णन येतं. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी क्राउदर यांच्या परवानगीने तो वाढवला आणि तो संगणकांमागून संगणकांवर पसरला.

आता प्रश्न बघा. हे साहित्य आहे की सॉफ्टवेअर? १९८५मध्ये मेरी ॲन बकल्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत 'ॲडव्हेंचर'वरच पीएच.डी. पूर्ण केली. त्या मूळच्या जर्मन साहित्याच्या विद्यार्थिनी. लोककथांच्या अभ्यासाची साधनं त्यांनी या गेमला लावून पाहिली. आज हा प्रबंध या क्षेत्रातला अगदी पहिल्यांपैकी मानला जातो. पण तेव्हा या विषयाला ना विभाग होता, ना जर्नल, ना नोकरी. बकल्स पुढे विद्यापीठीय क्षेत्रात राहिल्या नाहीत. 'गेम स्टडीज' हे जर्नल निघालं २००१मध्ये, म्हणजे तब्बल १६ वर्षांनी. विषय वेळेआधी निवडण्याची किंमत काय असते, ते इथे दिसतं.

शिकवण्याची बाजू वेगळ्या दाराने आत आली. जॅनेट मरे यांनी आधी आयबीएममध्ये प्रोग्रामिंग केलं होतं, नंतर इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केली. १९९२पासून त्या एमआयटीमध्ये संगणकावरच्या कथालेखनाचा कोर्स शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांनी नुसतं वाचून टीका करायची नाही, स्वतः लिहायचं. त्या अनुभवातून १९९७मध्ये त्यांचं 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' हे पुस्तक आलं.

कथालेखनाच्या नेहमीच्या कार्यशाळेत हे का शिकवता येत नाही? साधं गणित करा. गोष्टीत वाचकाला दहा वेळा दोनांपैकी एक निवडायला दिलं आणि प्रत्येक फांदी वेगळी ठेवली, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. एका सेमिस्टरमध्ये अशक्य! म्हणून गेमचा लेखक फांद्या पुन्हा एकत्र आणतो आणि वाचकाने आधी काय केलं ते व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवतो. हातात दिवा असेल तर खोलीचं वर्णन दाखव, नसेल तर "अंधार आहे" एवढंच सांग. म्हणजे इथे प्रत्येक वाक्यासोबत ते कधी दिसेल याची अटही लिहावी लागते. शिकवायचं असतं ते हे कौशल्य.

सुरुवातीला त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं होतं. पुढे साधनं बदलली. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३मध्ये 'इन्फॉर्म' आणलं. २००६च्या 'इन्फॉर्म ७'मध्ये तर नियमसुद्धा साध्या इंग्रजी वाक्यांसारखे लिहिता येऊ लागले. २००९मध्ये ख्रिस क्लिमस यांचं 'ट्वाइन' आलं : चौकोनात मजकूर लिहा, बाण जोडा, गोष्ट तयार. साहित्याच्या वर्गात हा विषय रुजायला अशा साधनांनी मोठाच हातभार लावला.

पण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा भाग पुढचा आहे. क्राउदर यांनी नुसती गुहा लिहिली आणि जादू, बुटके वगैरे कल्पनारम्य भाग वुड्स यांनी घातला, असा बऱ्याच वर्षांचा समज होता. क्राउदर यांची मूळ आवृत्ती हरवली आहे असंच सगळे धरून चालले होते. डेनिस जर्झ हे पेनसिल्व्हेनियातल्या सीटन हिल विद्यापीठात लेखन शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी त्या आवृत्तीचा शोध लावून धरला आणि वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमधून मूळ फोरट्रान कोड मिळाला. ते केंटकीच्या गुहेतही जाऊन आले आणि गेममधली वर्णनं प्रत्यक्ष जागांशी ताडून पाहिली. २००७मध्ये त्यांचा लेख आला. बुटके आणि जादूचा शब्द क्राउदर यांच्या कोडमध्ये आधीपासूनच होते! म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांच्या आधाराने सांगितला गेलेला समज एका फाइलने मोडला.

यातून तुमच्या सिनॉप्सिससाठी काय घ्यायचं? तमाशातला वग जसा प्रयोगागणिक थोडा बदलतो, तसा गेमही आवृत्तीगणिक बदलतो. आजचे मोबाइल गेम तर अपडेटसोबत कालचा मजकूर पुसूनही टाकतात. तेव्हा विषय विभागात बसतो का, यावर वाद घालत बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा : माझी संहिता नेमकी कोणती, कोणत्या आवृत्तीतली, आणि परीक्षकाला ती कुठे पाहता येईल. गेमवर काम करणार असाल तर आवृत्तीचा क्रमांक नोंदवा, खेळतानाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, कोड मिळत असेल तर तो वाचा.

या तीन ओळी असल्या की सगळे गाइड लगेच 'हो' म्हणतील असं नाही. पण मग चर्चा "हा काय विषय झाला?" इथे अडकत नाही, संहितेवर येते. आणि संहितेवर बोलायची तयारी तुमची जास्त झालेली असते.