सर्चला न दिसलेला वारा

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पीकनुकसानीचे अर्ज नोंदवणारं एक सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. त्यातला सर्च माझ्याकडे आहे. एका दुपारी ग्राहकाच्या ऑफिसातून मॅडमचा फोन आला. “अहो, हा अर्ज माझ्या समोर आहे. मीच टाईप केलाय. ‘वादळी वाऱ्याने’ असं शोधलं की बाकीचे येतात, हा येत नाही.”

“स्पेलिंग एकदा बघता का?” मी सवयीने म्हणाले.

त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. दोन्हीकडे ‘वाऱ्याने’च होतं. अगदी सारखं.

कारण सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. ते सांगतेच, पण आधी थोडं मागे जाऊ. कारण सर्चवर आंधळा विश्वास ठेवण्याचा हा घोळ माझ्या जन्माच्या बराच आधीचा आहे.

सर्च इंजिन आपण टाकलेला शब्द घेऊन सगळी कागदपत्रं वाचत बसत नाही. त्याने आधीच एक सूची करून ठेवलेली असते: हा शब्द, तो या या कागदांत. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. आम्ही तिला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतो. कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची अशी शब्दसूची हाताने तयार केली होती.

यंत्राकडे हे काम गेलं ते कायद्याच्या निमित्ताने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याला आपल्या कायद्यांमधला ‘मतिमंद मूल’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग काढून त्याजागी ‘विशेष मूल’ अशा अर्थाचा घालायचा होता. माणसांनी वाचून शोधलं, तरी काही जागा सुटत राहिल्या. पिट्सबर्ग विद्यापीठातले जॉन हॉर्टी यांनी मग कायद्यांचा पूर्ण मजकूरच संगणकात भरला आणि शब्द शोधायचं काम यंत्राला दिलं. माणूस कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. पण त्या शब्दप्रयोगाची एकवचनी, अनेकवचनी अशी सगळी रूपं माणसालाच आठवून यंत्राला सांगावी लागत.

१९६९ साली अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. तो १९८२पर्यंत चालला आणि शेवटी सरकारनेच मागे घेतला. अशा खटल्यात कागदांचे ढीग लागतात. ते हाताळायला आयबीएमने जी प्रणाली वापरली ती म्हणजे ‘स्टेअर्स’. पुढे ती इतर कंपन्यांनाही विकली गेली. आज ज्याला एंटरप्राइज सर्च म्हणतात, त्याचा हा एक पूर्वज.

याच स्टेअर्सची परीक्षा डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोघांनी घेतली. त्यांचा लेख १९८५ साली आला. एका मोठ्या खटल्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं, म्हणजे साधारण साडेतीन लाख पानं, स्टेअर्समध्ये भरलेली होती. वकिलांची अट होती की कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी सापडले पाहिजेत. ते शोधत, निकाल तपासत, शब्द बदलून पुन्हा शोधत आणि समाधान झाल्यावरच थांबत. मग ब्लेअर आणि मॅरन यांनी न सापडलेल्या कागदांतून नमुने काढले आणि ते कुठून आले हे न सांगता त्याच वकिलांना तपासायला दिले. हिशेब निघाला: कामाच्या कागदांपैकी सरासरी २० टक्केच हाती आले होते.

चूक यंत्राची नव्हती. सांगितलेला शब्द त्याने इमानदारीने शोधला होता. पण खटल्यातल्या अपघाताला कागदांत नेहमी ‘अपघात’ म्हटलेलं नव्हतं. काही माणसं ‘घटना’ म्हणत, ‘अडचण’ म्हणत, ‘दुर्दैवी परिस्थिती’ म्हणत. वकिलांना जे मिळालं ते बहुतेक कामाचंच होतं, म्हणून काही राहिलंय अशी शंकाही त्यांना आली नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने काम चालू होतं. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक साधी गोष्ट मांडली: जो शब्द थोड्याच कागदांत येतो, त्याला जास्त वजन द्या. ‘अर्ज’ हा शब्द सगळ्याच अर्जांत असतो, ‘गारपीट’ मोजक्यांत. पुढे स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात बीएम२५ हे सूत्र बसवलं, त्यातही हीच कल्पना आहे. १९९९मध्ये डग कटिंग यांनी लुसीन लिहिलं आणि ते सगळ्यांना मोफत मिळालं. लुसीन हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव. त्यावर शाय बॅनन यांनी उभारलेलं इलास्टिकसर्च २०१०मध्ये आलं. त्याची सुरुवात, ते सांगतात त्याप्रमाणे, स्वयंपाक शिकणाऱ्या बायकोच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून झाली. माझ्यासारखे हजारो इंजिनियर आज यांच्याच जिवावर सर्च उभा करतात.

उभा करायला एखादा दिवस पुरतो. खरं काम नंतर सुरू होतं. सूची ही मूळ डेटाची नक्कल असते. मूळ बदललं आणि नक्कल मागे राहिली, तरी सर्च चालूच दिसतो. शिवाय सूची करताना शब्द जसा कापला, घासला, त्याच पद्धतीने शोधतानाही घासावा लागतो. नाहीतर दोघांची गाठ पडत नाही.

आता तो वारा. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, सूचीत मात्र ते दोन वेगळे शब्द. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर ठरतं. मॅडमच्या शेजारच्या संगणकावर वेगळा कीबोर्ड होता, एवढंच. ‘शेतकऱ्यांना’चीही तीच गत.

आधी मी घाईत हिंदीसाठी बनवलेली गाळणी लावली. ती ‘ऱ’चा ‘र’ करते आणि अदृश्य चिन्ह काढून टाकते. सगळे अर्ज यायला लागले. पण टीममधला एक मुलगा हसत म्हणाला, “ताई, आता आचार्यांना शोधलं की आचाऱ्यांनाही मिळतील.” खरंच होतं. मराठीत या दोघांत फरक आहे, आणि आपण तो लिहून दाखवतो. मग गाळणी काढली, दोन्ही प्रकारांचा एकच ‘ऱ’ करणारा छोटा नियम लिहिला आणि रात्रभर सगळी सूची नव्याने बांधली.

सकाळी मॅडमनी पुन्हा ‘वादळी वाऱ्याने’ शोधलं. आकडा जवळपास दुप्पट झाला. पाहणीसाठी गावांची जी यादी आधीच गेली होती, ती याच सर्चमधून काढलेली होती. त्यांनी ती परत मागवली. मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, “तुम्ही कशाला? सर्चमध्ये आलं नाही म्हणजे अर्ज नाही, असं मीच लोकांना सांगत होते.”

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही मूळ डेटातून काही अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढतो आणि ते सर्चमध्ये सापडतात का ते हाताने तपासतो. न सापडलेल्यांत हात घालून बघायचं, हे ब्लेअर आणि मॅरन यांचंच. शिवाय शून्य निकाल आला की पडद्यावर आधी ‘अर्ज उपलब्ध नाही’ असं यायचं. ते वाक्य मी बदललं. आता तिथे येतं, ‘या शब्दाने अर्ज सापडला नाही.’