तारकर्ली
महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले किनारी गाव व पर्यटनस्थळ. मालवणच्या दक्षिणेस सुमारे ७ किमी. वाळू पांढुरकी, किनारा लांबरुंद. पावसाळा सरल्यावर पाणी इतके निवळते की तळ दिसतो. येथील स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र व निवास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे आहेत.

मुलाबाळांसह येणाऱ्यांसाठी पहिला मान सिंधुदुर्ग किल्ल्याचा. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू करवले. ते १६६७ मध्ये पुरे झाले. मालवणच्या धक्क्यावरून होडीने तेथे जातात. तटाच्या आत शिवराजेश्वर मंदिर आहे, महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींपाशी मुलांना जरूर न्यावे: चहूकडे खारा समुद्र आणि बेटावर गोडे पाणी, हे नवल पुस्तकापेक्षा तिथेच नीट कळते.

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. संगमाजवळचा वाळूचा दांडा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जातो. ओहोटीला तो उघडा पडतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक होडीवाल्यांकडून विचारून घ्यावी. लहान मुलांना लाटांपेक्षा नदीतली होडीची फेरी अधिक मानवते. मालवणचे रॉक गार्डन संध्याकाळी पाहण्याजोगे.

पावसाळ्यात होड्या व जलक्रीडा बंद असतात. ऑक्टोबर ते मे हा सोयीचा काळ. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून प्रवाळ तोडणे वा सोबत नेणे कटाक्षाने टाळावे.