केल्टिक तलवार : नक्कल किती खरी?

मागच्या भागात आपण फिरंगीबद्दल बोललो, म्हणजे पातं युरोपातलं आणि मूठ आपल्याकडची. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, ‘दादा, केल्टिक तलवारीची चांगली प्रतिकृती कशी ओळखायची?’ आजचा भाग त्यावरच.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी हौसेनं एक ‘केल्टिक’ तलवार घेतली. पितळी मूठ, तिच्यावर एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची जाळीदार नक्षी, पातं आरशासारखं. विकणारा म्हणाला, इसवीसनपूर्व ३०० ची नक्कल आहे. मी खूश! नंतर वाचताना कळलं की ही गुंतलेली नक्षी ब्रिटन-आयर्लंडमधल्या ख्रिस्ती मठांच्या काळातली. ‘बुक ऑफ केल्स’ ही हस्तलिखित पोथी इसवीसन ८०० च्या आसपासची. म्हणजे माझ्या तलवारीत हजार वर्षांची खिचडी होती. इसवीसनपूर्व काळातली केल्टिक नक्षी वेगळीच दिसते. वेलीसारखी वळत जाणारी, कधी कधी त्यात प्राण्याचं तोंड असल्याचा भास होतो.

मग खरी तलवार कुठली? १८५७ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल सरोवराचं पाणी बरंच खाली गेलं आणि ला तेन नावाच्या जागी लाकडी खांबांच्या आसपास लोखंडी शस्त्रं दिसली. पुढे तिथून दीडशेहून जास्त तलवारी निघाल्या, कित्येक म्यानासकट. आज ‘केल्टिक’ म्हणून जी नक्कल विकली जाते ती बहुतेक याच घराण्यातली. पण या घराण्याची वर्षं चारशेच्या वर आहेत. सुरुवातीची पाती साधारण ६० सेंटिमीटर आणि टोकदार. शेवटची ८०-९० सेंटिमीटरपर्यंत लांब, टोक गोलसर, भोसकण्यापेक्षा वार करायला सोयीची. त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की ही नक्की कुठल्या तलवारीवरून केली? जागा सांगा, संग्रहालय सांगा. ‘डिझाइन केल्टिक आहे हो’ एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून पुढे चला.

मग तलवार हातात घ्या. अस्सल पाती पातळ असतात आणि टोकाकडे आणखी पातळ होत जातात. स्वस्त नक्कल मात्र मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची पट्टी असते. फोटोत हे कळत नाही. मनगटाला लगेच कळतं.

मुठीवर फार भांडू नका. लाकूड, शिंग, हाड हे सगळं जमिनीत कुजलं. बहुतेक ठिकाणी हाती लागते ती मुठीत जाणारी लोखंडाची बारीक शेपटी, बाकीचा कारागिराचा अंदाज. अपवाद आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या कर्कबर्न इथे १९८७ साली एका थडग्यात सापडलेली तलवार आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिची एकटी मूठ लोखंड, कांसं आणि शिंगाच्या ३७ तुकड्यांची, वर लाल काचेचं काम! तिची नक्कल करायला घेणाऱ्याला मी आधीच सलाम करतो.

माझ्या मते खरी परीक्षा म्यानात आहे. ला तेन पद्धतीचं म्यान बहुधा धातूच्या दोन पातळ पत्र्यांचं. एका पत्र्याच्या कडा दुसऱ्यावर दुमडलेल्या, आणि मागच्या बाजूला पट्ट्यासाठी कडी. डायोडोरस हा ग्रीक लेखक लिहितो, की गॉल लोक तलवार उजव्या बाजूला साखळीने लटकवत. हे म्यान करायला वेळ फार जातो, म्हणून विकणारे चामड्याचं देऊन मोकळे होतात.

आता पोलादाकडे येऊ. पॉलिबियस सांगतो, की इसवीसनपूर्व २२३ च्या लढाईत गॉल लोकांच्या तलवारी पहिल्याच वारात वाकायच्या आणि जमिनीवर टेकवून पायाने सरळ कराव्या लागायच्या. तो हे लिहितोय कित्येक दशकांनी, आणि रोमच्या बाजूने. १९०६ मध्ये सालोमों रेनाक या फ्रेंच विद्वानाने शंका काढली, की थडग्यांत मुद्दाम वाकवून ठेवलेल्या तलवारी कुणीतरी पाहिल्या असतील आणि त्यातून ही कथा निघाली असेल. तलवारी मुद्दाम वाकवत होते हे तर खरंच. फ्रान्समधल्या गुर्ने-सुर-आरोंद इथल्या देवस्थानात शेकडो शस्त्रं वाकवून, मोडून टाकलेली सापडली. पुढे राडोमिर प्लाइनर यांनी अशा तलवारींचे धातू तपासले. काही नुसत्या मऊ लोखंडाच्या निघाल्या, तर काहींना चांगली पोलादी धार होती. पॉलिबियस सरसकट खरा नाही आणि सरसकट खोटाही नाही.

इथे संग्राहकाची पंचाईत होते. आजच्या नकला स्प्रिंगच्या पोलादाच्या. वाकवली की परत सरळ! शस्त्र म्हणून उत्तम, नक्कल म्हणून तेवढीच खोटी. जुन्या पद्धतीने भट्टीत काढलेलं लोखंड वापरणारे लोहार आहेत, पण त्यांची किंमत ऐकून मी फोन ठेवला. आणि समजा घेतलीच, तर ती वाकते का हे कोण बघणार? मी तर नाही.

तुमच्याकडे अशी तलवार असेल तर फोटो पाठवा. पण मुठीचा नको, म्यानाच्या मागच्या बाजूचा. भेटू पुढच्या भागात.