अंगणात विचारलेला प्रश्न



परवाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि वेगळाच विषय निघाला. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीचं बी.एड. झालंय. तिला आता एम.एड. करून शिक्षणात संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, "बाई झालीस शाळेत शिकवायला, आता आणखी काय शोधायचंय?" आम्हालाही पटकन उत्तर सुचेना. म्हणून थोडी जुनी माहिती काढली. ती आज तुम्हाला सांगतो.

आपल्याकडे एम.एड. ही पदवी मुंबई विद्यापीठाने १९३६ साली सुरू केली. म्हणजे मुलांना शिकवणं हाही अभ्यासाचा विषय आहे, हे विद्यापीठाने मानलं. पण गावातल्या मुलांचे प्रश्न शोधायला पदवीच लागते असं नाही, हे दोन बायांनी दाखवून दिलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आलं. त्या रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्या आणि बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. १९४५ साली दोघींनी बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बालवाडी उघडली, पण गोरगरिबांच्या वस्तीतली मुलं येईनात. कुणी म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. यांनी विचारलं, मुलं का येत नाहीत? आणि मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, म्हणून शाळा कुरणात भरली. मुली धाकटी भावंडं सांभाळत घरी राहायच्या, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आणि बालवाडी आली. महागडी खेळणी परवडणारी नव्हती, तर बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली. काय जमलं, काय फसलं, हे अनुताईंनी लिहून ठेवलं. पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडीच.

संशोधन म्हणजे तरी दुसरं काय? नेमका प्रश्न धरायचा, डोळ्यांनी पाहायचं, माणसांना विचारायचं, सगळं टिपून ठेवायचं आणि आपला समज चुकला तर तसं लिहायचं. एम.एड.मध्ये हेच काम मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकतात आणि प्रबंध लिहितात. लिहिलेलं असलं की ते दुसऱ्याला तपासता येतं, साहेबापुढे ठेवता येतं. नुसतं तोंडी सांगितलेलं गाऱ्हाणं हवेत विरतं.

आजवर आपल्या दारात फॉर्म घेऊन बाहेरची माणसं आली. त्यांनी विचारलं, आपण सांगितलं. पुढे त्याचं काय झालं, ते आपल्याला कळलंही नाही.

या मुलीचा प्रश्न मात्र आपल्यातलाच आहे: आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं परत आली की त्यांचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढतं? हा प्रश्न तिला पुस्तकात सापडला नाही. तिच्या वर्गात दरवर्षी काही जागा रिकाम्या व्हायच्या.

बैठकीत ठरलं, पहिल्या वर्षाच्या फीसाठी तिच्या आईला गटातून कर्ज द्यायचं. अट एकच. प्रबंध पुरा झाला की तो आधी आमच्या बैठकीत वाचून दाखवायचा.